अनुभव आमचा, अर्थ कोण लावणार?

मागच्या महिन्यात नाशिकरोडला एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. स्टेजवर चार खुर्च्या. तीन खुर्च्यांवर प्राध्यापक, चौथीवर आपल्यातलाच एक पोरगा, वय असेल तेवीस-चोवीस. त्याचा बाप ड्रेनेजच्या कामावर होता, एका कंत्राटदाराकडे. चेंबरमध्ये उतरला आणि वर आला तो दोरीनं ओढूनच आला. जगला, पण कामातून गेला. पोरानं त्यावर दोन पानं लिहिली होती. कार्यक्रम सुरू होण्याआधी संयोजक त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, 'तू फक्त तुझा अनुभव सांग. बाकीची मांडणी सर लोक करतील.' मी पुढच्याच रांगेत होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

पोरानं वाचलं. बाया रडल्या. एक सर उठले आणि म्हणाले, अनुभव जबरदस्त आहे, पण अजून कच्चा आहे. दुसरे सर बोलले अर्धा तास, त्यात पोराच्या बापाचं नाव एकदाही आलं नाही. मग पोराला शाल मिळाली, आम्हाला चहा. मीही टाळ्या वाजवल्या. घरी येताना मात्र बसमध्ये डोकं ठिकाणावर नव्हतं. कारण हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वीही ऐकलंय. अनुभव तुमचा, मांडणी आमची. म्हणजे ऊस आमचा आणि कारखाना त्यांचा, तसलाच हा धंदा.

म्हणून हे लिहायला बसलो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बुवा आता इतिहास सांगणार. होय, सांगणार. पण पुतळ्यांचा नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातली तीन माणसं घेतो. बाबुराव बागूल, वामनदादा कर्डक आणि दादासाहेब गायकवाड. त्यांच्या जगण्यात जे घडलं त्याचं त्यांनी काय केलं, एवढंच बघायचंय. आणि मध्ये मध्ये अमेरिकेतल्या दोन काळ्या माणसांकडे जाऊन येणार आहे, कारण तिकडंही हीच गोष्ट घडलेली आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करायला झटलेल्या माणसांना. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं तेही तिकडूनच. तेव्हा हा रस्ता आपल्याला नवा नाही.

आधी माझं सांगतो, म्हणजे बागूलांकडे का जायचं ते कळेल.

१९८२ साल. मी कॉलेजात. गाव लांब, वसतिगृहात जागा नाही. पंचवटीत एक खोली मिळत होती, भाडं परवडणारं. मालकीणबाईंनी दारातच विचारलं, 'आडनाव काय?' मी म्हणालो, 'पाटील.' कसं तोंडातून गेलं मला माहीत नाही. गेलं खरं. त्या खोलीत मी चौदा महिने राहिलो. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. गावाकडून कोणी भेटायला यायचं म्हटलं की मी स्टँडवरच जाऊन भेटायचो. चौदा एप्रिलला बँडचा आवाज खोलीपर्यंत आला. मी खिडकी लावून घेतली आणि आत बसून राहिलो. आणि ती खोली कुठं होती? काळाराम मंदिरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. त्याच मंदिराच्या दारात बसायला १९३० साली माझी आजी, तेव्हा पोरगीच होती, सिन्नरच्या बाजूनं आपल्या आईबरोबर भाकरी बांधून चालत आली होती. आजी दारात बसली ती आपलं नाव सांगून. नातू त्याच पंचवटीत नाव लपवून बसला.

खोली सोडल्यावर मी त्याच्यावर कविता लिहिली. अडीच पानं. एका मित्रानं स्टेन्सिल कापलं, आमच्या चार पानी अंकात ती आली. लोकांनी पाठ थोपटली. काय जिवंत अनुभव आहे म्हणाले. फक्त आमच्यातला एक वयानं मोठा कार्यकर्ता, कामगार माणूस, शिफ्टवरून येऊन अंक वाचायचा, तो म्हणाला, 'रडलास ते बरं केलंस. पण त्या बाईला आडनाव का विचारावं लागतं? आणि तुला खोटं का सांगावं लागलं? ते कुठंय यात?' मला राग आला. त्यानं पिशवीतून एक पुस्तक काढून दिलं. 'जेव्हा मी जात चोरली होती.'

बाबुराव बागूल आपल्या विहितगावचे. जन्म १७ जुलै १९३०, म्हणजे काळारामच्या दारात सत्याग्रही बसले होते त्याच साली. लहानपणीच मुंबईला गेले, माटुंगा लेबर कँपात नातेवाइकांकडे वाढले. लेबर कँप म्हणजे त्या काळातली एक शाळाच होती. एकीकडं आंबेडकरी चळवळ, दुसरीकडं लाल बावटा, अण्णाभाऊंसारखी माणसं तिथंच, गल्लीत मारामाऱ्या, दारू, वेश्या, मोर्चे, सगळं एकाच ठिकाणी. बागूलांनी मॅट्रिकपर्यंत शिकून मिळेल ते काम केलं. रेल्वेची नोकरी लागली आणि ते सुरतेला गेले. तिथं भाड्यानं खोली मिळवायची तर जात लपवावी लागली. काही काळ लपवली. मग ते सहन होईना, तेव्हा नोकरी सोडली आणि मुंबईला परत आले. त्या काळात रेल्वेची पक्की नोकरी सोडणं म्हणजे काय हे आपल्या आयांना विचारा.

१९६३ साली कथासंग्रह आला. त्यातल्या त्या नावाच्या कथेचं काय झालंय ते नीट बघा. बागूलांनी स्वतःवर आलेलं तसंच्या तसं उतरवलेलं नाही. रेल्वेत नोकरीला आलेला, जात लपवून खोलीत राहणारा नायक आहे. पण त्याच्याशेजारी त्यांनी दुसरा एक माणूस उभा केला, काशिनाथ. तोही आपलाच, पण तो जात लपवत नाही, भांडतो, अंगावर जातो. म्हणजे एकाच अनुभवाचे दोन रस्ते एकाच कथेत समोरासमोर. एक लपणारा, एक लढणारा. शेवटी जात उघडी पडते, नायकाला मार बसतो, आणि त्याला वाचवायला येतो तो काशिनाथच. आणि मार खाल्लेला नायक मारणाऱ्या माणसांना बोल लावत नाही. तो बोट दाखवतो मनूकडं. इथं मी पुस्तक खाली ठेवलं होतं. माझ्या अडीच पानांत मालकीणबाई होती, मी होतो, ट्रंक होती. मनू नव्हता. काशिनाथ तर नव्हताच.

मला वाटतं बागूलांचं मोठेपण इथं आहे. अनुभव जहाल होता म्हणून कथा जहाल झाली असं जे म्हणतात ते अर्धवट वाचतात. जात लपवून राहिलेली हजारो माणसं होती आणि आहेत. माझ्याच ऑफिसात तीन होती. त्या सगळ्यांच्या पोटातून कथा आली नाही. बागूलांनी सुरतेच्या खोलीचा अर्थ लावला, आणि तो अर्थ लावायला त्यांच्याकडं बाबासाहेब होते, लेबर कँपातला मार्क्स होता, पुस्तकं होती. पुढं 'मरण स्वस्त होत आहे' १९६९ साली आलं, १९७० साली 'सूड'. ज्यांना त्या काळात हे लेखन अश्लील, भडक वाटलं त्यांनी समीक्षा लिहिल्या. बागूल लिहीत राहिले. शेवटची वर्षं नाशकातच होते, २६ मार्च २००८ ला गेले.

जात चोरण्याची ही वाट बागूलांच्याही आधीची आहे. १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले, मग लंडन. परत आले तेव्हा बडोदा संस्थानाची नोकरी करायची होती, कारण शिष्यवृत्ती सयाजीराव महाराजांची. १९१७ साली बडोद्याच्या स्टेशनावर उतरले आणि पहिला प्रश्न काय, तर राहायचं कुठं? परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून टाकली होती, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. स्टेशनावर ती परत आली. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर, अंधारात, अडगळीच्या शेजारी. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. दोन मित्रांकडं आसरा मागितला, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघांनीही टाळलं. मग गाडीच्या वेळेपर्यंत बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले.

बाबासाहेबांनी ही हकिगत लिहिली आहे आणि ती तुम्ही वाचलीच पाहिजे. 'व्हिसाच्या प्रतीक्षेत' या नावानं मराठीत मिळते. मला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं, तर रडगाणं नाही. ते हकिगत सांगतात आणि एक निष्कर्ष काढतात, की जो हिंदूला अस्पृश्य तो पारशालाही अस्पृश्यच. म्हणजे धर्म बदलला तरी शेजारच्याची नजर बदलत नाही. जातीचा रोग हिंदूंच्या घरात राहत नाही, तो साऱ्या आळीत पसरतो. कोलंबियात शिकलेला माणूस काठ्यांसमोर उभा आहे, आणि त्याच्या डोक्यात या काठ्यांचं समाजशास्त्र चालू आहे. याला म्हणतात अनुभव.

आता अमेरिकेत जाऊ. मिसिसिपी राज्यात १९०८ साली जन्मलेला रिचर्ड राईट नावाचा काळा पोरगा. बाप सोडून गेलेला, आई आजारी, घरात उपासमार. मेम्फिस शहरात एका चष्म्याच्या कंपनीत हरकाम्या. त्याला पुस्तकं वाचायची होती, पण तिथल्या सार्वजनिक वाचनालयात काळ्या माणसाला पुस्तक मिळत नसे. तेव्हा त्यानं काय केलं? बरोबर काम करणाऱ्या एका गोऱ्या माणसाचं कार्ड मागून घेतलं. गोऱ्याच्या नावानं चिठ्ठी स्वतःच लिहिली, की या काळ्या पोराजवळ अमुक पुस्तकं द्या. आणि बाईसमोर असा उभा राहिला की जणू याला अक्षरही येत नाही. एक माणूस निरक्षर असल्याचं सोंग करतो, कशासाठी, तर वाचण्यासाठी! आपल्याकडं आडनाव चोरावं लागलं, त्याला सही चोरावी लागली. पण राईटनं चोरलेल्या सहीवर पुस्तकं आणली, आणि मी चोरलेल्या आडनावावर नुसती झोप काढली, हा फरक मला आजही टोचतो. हे सगळं त्यानं पुढं १९४५ साली 'ब्लॅक बॉय' या आत्मकथेत लिहिलं.

अक्षराची गोष्ट निघालीच आहे तर वामनदादांकडं येऊ.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२. बाप लवकर गेला. गुरं राखली, मोळ्या विकल्या, पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ती अंगमेहनत केली. शाळा नाही. दादांच्या तोंडून ऐकलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या सांगितलेली गोष्ट अशी, की शिवडीच्या बीडीडी चाळीत असताना कोणीतरी पत्र वाचून दाखवायला आणलं. अंगानं धडधाकट, समता सैनिक दलात वावरणारा हा तरुण, म्हणजे वाचता येतच असणार असं त्या माणसाला वाटलं. दादांना एक अक्षर येत नव्हतं. शरमेनं मेल्यासारखं झालं. त्यानंतर देहलवी नावाच्या एका मास्तरांकडून बाराखडी घेतली, आणि जोडाक्षरं शिकले ती मुंबईच्या रस्त्यांवरच्या दुकानांच्या पाट्या वाचत वाचत.

इथं थांबा आणि दुसरा पोरगा बघा. मेरीलँडमध्ये १८१८ च्या सुमाराला जन्मलेला फ्रेडरिक डग्लस. गुलाम. जन्मतारीखसुद्धा माहीत नाही, आपल्या आजोबा-पणजोबांसारखीच. बाल्टिमोरला मालकाच्या घरी असताना मालकिणीनं त्याला थोडी अक्षरं शिकवली. मालक खवळला, गुलामाला वाचायला शिकवलं तर तो गुलाम राहणार नाही म्हणाला. शिकवणी बंद. पण डग्लसला कळायचं ते कळलं. पुढं तो खिशात भाकरीचे तुकडे ठेवायचा आणि रस्त्यातल्या गरीब गोऱ्या पोरांना देऊन त्यांच्याकडून धडे घ्यायचा. आणि लिहायला कुठं शिकला? जहाजं बांधायच्या कारखान्यात. सुतार लाकडावर अक्षरं टाकायचे, हे लाकूड डाव्या बाजूचं, हे उजव्या बाजूचं. त्या अक्षरांवरून हा गिरवायला लागला. एक बाल्टिमोरच्या गोदीत लाकडांवरची अक्षरं वाचतोय, एक शंभर वर्षांनी मुंबईच्या रस्त्यात दुकानांच्या पाट्या वाचतोय. शाळेनं दोघांनाही आत घेतलं नाही. बाजारानं मात्र अक्षरं उघड्यावर टांगून ठेवली होती, त्याला काही जात विचारता येत नव्हती.

वामनदादांनी १९४३ च्या सुमाराला गाणी रचायला सुरुवात केली ती थेट २००४ साली जाईपर्यंत. पहिला संग्रह 'वाटचाल' १९७३ चा. पण त्याच्या कितीतरी आधी गाणी गावोगाव गेलेली होती, पुस्तकाशिवाय. एक गोष्ट मात्र आपले लोकही विसरतात. आपण म्हणतो, दादा म्हणजे गळा, दादा म्हणजे भावना. अहो, त्या गाण्यांतला हिशेब बघा ना! टाटा, बिर्ला, बाटा यांच्याकडं जमा झालेलं धन आणि आपला वाटा, हे अर्थशास्त्र त्यांनी ज्या माणसांपर्यंत नेलं त्यांना अर्थशास्त्र हा शब्दही उच्चारता येत नव्हता. पत्र न वाचता आल्याची शरम ज्यानं भोगली, त्याला ऐकणाऱ्यांत बसलेल्या निरक्षर माणसाची अक्कल कमी नाही हे ठाऊक होतं. म्हणून तो सोपं लिहायचा, पण कमी लिहायचा नाही. आपल्यातल्या काही तरुण कवींना हे सांगावंसं वाटतं, जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे.

आता दादासाहेब. भाऊराव कृष्णराव गायकवाड, दिंडोरी तालुक्यातलं आंबे गाव, जन्म १५ ऑक्टोबर १९०२. त्यांच्याबद्दल तुम्हाला काळारामचा सत्याग्रह माहीत आहे. थोडक्यात सांगतो. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली, मैलभर लांब मिरवणूक मंदिराकडं गेली, दारं बंद. लोक गोदाकाठी वळले. दुसऱ्या दिवसापासून चारी दारांसमोर तुकड्या बसल्या, पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया. ९ एप्रिलला रामनवमीला रथ दोघांनी मिळून ओढायचा ठरलं होतं, त्यांनी रथ पळवला आणि दगड घातले. मग खेड्यापाड्यांत सूड निघाला, पोरांच्या शाळा बंद, रस्ते बंद, दुकानात माल बंद. आजी सांगायची, परत गेल्यावर वाणी मीठ देईना. सत्याग्रह समितीचे चिटणीस भाऊराव. बाबासाहेब मुंबईत, गोलमेजेला लंडनमध्ये. नाशकात रोजची लढाई भाऊरावांनी चालवली, तुरुंगात गेले, आणि हे पाच वर्षं, १९३५ पर्यंत चाललं. दार उघडलं नाही.

पाच वर्षं बंद दारासमोर बसणं हा अनुभव आहे. त्याच्यातून माणूस कडवट होऊ शकतो, भाविक होऊ शकतो, किंवा घरी जाऊ शकतो. भाऊरावांनी सत्याग्रह चालू ठेवायचा का, असं बाबासाहेबांना विचारलं. ३ मार्च १९३४ ला बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की मूर्तीची पूजा करून आपण बरोबरीचे होऊ म्हणून हा सत्याग्रह सुरू केला नव्हता. आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात जोम यावा, म्हणून केला होता. ते काम झालं, आता शक्ती राजकारणात आणि शिक्षणात लावा. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली, आपल्याच जिल्ह्यात.

भाऊरावांनी बाबासाहेबांची पत्रं जपून ठेवली म्हणून ती आज छापील वाचायला मिळतात. कार्यकर्ता कागद जपतो, हे शिकण्यासारखं आहे. आपल्याकडं अध्यक्षांचे हार जपतात, कागद रद्दीत जातात.

आणि मग बंद दाराचं भाऊरावांनी पुढं काय केलं? माझ्या मते त्यांनी दारावरची नजर जमिनीवर आणली. देवळाचं दार बंद करणारा आणि वाण्याला मीठ बंद करायला सांगणारा एकच माणूस होता, आणि त्याची ताकद देवातून नाही, शेतातून येत होती. ज्याला शेत नाही त्याच्यावर बहिष्कार टाकायला एक दिवस पुरतो. हे १९३० साली खेड्याखेड्यांत दिसलं होतं. १९५० नंतर भाऊराव भूमिहीनांच्या सत्याग्रहात उतरले, आधी मराठवाड्यात, १९५९ ला महाराष्ट्रभर. १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले, नंतर राज्यसभेवर. आणि ६ डिसेंबर १९६४ ला रिपब्लिकन पक्षाचा देशभराचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन द्या, झोपडपट्टीवासीयांचे हक्क द्या, संसदेत बाबासाहेबांचं चित्र लावा. लाखांवर माणसं तुरुंगात गेली, पोरंबाळं घेऊन. काळारामच्या वेळी भाकरी बांधून आलेल्या पिढीची पोरं ती. माझा बापही त्यात होता. त्याला जमीन मिळाली नाही, हेही लिहून ठेवतो.

पुढं १९६७ ला काँग्रेसशी युतीचं जे राजकारण झालं त्यावर आमच्या पिढीनं तोंडसुख घेतलं, आणि घ्यायलाच हवं होतं. पक्षाचे तुकडे झाले त्याची जबाबदारी मोठ्या माणसांवरही येते. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेब गेले, पुढच्याच उन्हाळ्यात मुंबईत पँथर निघाली. पण टीका करताना आम्ही एक विसरलो, की जमिनीचा प्रश्न हातात घेणारा तो एकटाच मोठा पुढारी होता. त्यानंतर आपल्या मोर्च्यांत जमीन हा शब्द कमी कमी होत गेला आणि स्मारक हा शब्द वाढत गेला.

आता परत त्या हॉलकडं येतो, पण डग्लसला घेऊन.

डग्लस १८३८ साली मालकाकडून पळाला. उत्तरेत गेला. तिथं गुलामगिरी मोडायला निघालेले चांगले गोरे लोक होते, मनानं खरोखर चांगले. त्यांनी त्याला सभांमधून बोलायला लावलं. लोक गर्दी करायचे, पाठीवरचे वळ बघायला. काही महिने झाल्यावर डग्लसला तेच तेच सांगण्याचा कंटाळा आला. तो वाचत होता, विचार करत होता, त्याला गुलामगिरीबद्दल बोलायचं होतं, नुसतं गुलामाबद्दल नाही. तर त्याचे ते गोरे मित्र काय म्हणाले? की बाबा, घडलेलं तेवढं तू सांग, तत्त्वज्ञानाचं आम्ही बघून घेतो. वर हेही, की फार शुद्ध बोलू नकोस, थोडी मळ्यावरची भाषा राहू दे, नाहीतर तू गुलाम होतास यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. हे त्यानं १८५५ च्या आपल्या दुसऱ्या आत्मकथेत लिहून ठेवलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्यानं हसलो. बायको म्हणाली काय झालं. मी म्हणालो, नाशिकरोडचा संयोजक अमेरिकेत सापडला.

डग्लस मित्रांशी भांडला नाही लगेच. १८४५ साली त्यानं पहिली आत्मकथा लिहिली, त्यात मालकांची नावं, गावांची नावं, तारखा घातल्या, स्वतःला पकडून नेतील ही भीती असताना. आणि १८४७ साली रॉचेस्टर गावात स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, 'नॉर्थ स्टार'. गोऱ्या मित्रांना ते आवडलं नाही. त्यांचं वर्तमानपत्र होतंच की, याला वेगळं कशाला हवं? आपल्यालाही विचारतात ना, एवढी मासिकं आहेत, तुम्हाला हा चार पानांचा अंक कशाला हवा?

त्या कार्यक्रमानंतर मी त्या पोराचा पत्ता काढला आणि त्याच्या घरी गेलो. बाप बाजेवर होता, उठून जयभीम घातला. मी पोराला म्हणालो, तुझी दोन पानं कच्ची नाहीत, अपुरी आहेत. आणि जे अपुरं आहे ते तुझ्या सरांकडं नाही. मग बागूलांचं पुस्तक दिलं, तीच जुनी प्रत, त्या शिफ्टवाल्या कामगाराची. तो माणूस आता नाही. पोरानं काही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, म्हातारा पुस्तक देऊन गेला म्हणून ठेवून देईल.

तिसऱ्या रविवारी तो माझ्याकडं आला. दोन पानं तशीच होती, एक शब्द बदललेला नव्हता. तिसरं पान नवं होतं. त्यात बापाबरोबर उतरलेल्या बाकी माणसांची यादी होती, नाव, गाव, जात, रोज. यादीतल्या सगळ्यांची जात आपलीच निघाली. खाली त्यानं लिहिलं होतं, की माणसानं चेंबरमध्ये उतरण्याला बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला आहे, मग १० वर्षांनंतर माझ्या बापाला खाली उतरवण्याचं कंत्राट निघालं कसं, ते किती रुपयांचं होतं, आणि त्यावर सही कोणाची? त्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकलाय. पोच दाखवली. उत्तर आलेलं नाही.

मी म्हणालो, पोचेची झेरॉक्स काढून ठेव. तो म्हणाला, 'काका, दोन काढल्यात. एक तुमच्याकडं ठेवा.'